चौदाशे ब्याण्णव

गूगल उघडतं. क्रिकेटचा स्कोअर उघडतो.
ज्यांची कधी आठवणही काढली नाही
ती फर्निचरची दुकानं
पडद्यावर आ वासून उभी राहतात.
फक्त अप्पांच्या पीएफचं पान
सकाळी दहापासून
नुसतं निळं चाक फिरवत बसलंय.

अप्पा मागे स्टुलावर. बनियन, चष्म्याला दोरा.
दर पाच मिनिटांनी, "एमायिंदी?"
काही नाही अप्पा, लोड होतंय.
"लोड म्हणजे ओझंच ना?
मग उतरवायला कोणीतरी लागंल की."

सगळे करतात तेच आधी केलं.
राउटर बंद करून तीस आकडे मोजले.
हिरवा दिवा लुकलुकला, स्थिरावला,
चाक पुन्हा होतं तिथंच.
ब्राउझर बदलला. आत साठलेलं सगळं पुसलं,
त्यात लाइट बिलाचा पासवर्डही गेला.
केबलवाला शिवशरण फोनवर म्हणाला,
"डीएनएसला चार वेळा आठ टाका ताई,
हमखास चालतंय बघा."
टाकले. चाललं नाही.

मोबाइलच्या डेटावर पान एका फटक्यात आलं.
म्हणजे सरकार जागं होतं,
खोट आमच्याच घरात.
पासवर्ड टाकेपर्यंत दिवसाचा डेटा संपला,
भाचा सकाळपासून गेम खेळत होता.

विडी घरकुलात दुपारी
कुत्रीसुद्धा दर तासाला भिंत बदलतात.
मागच्या गल्लीत कुणाचा तरी माग
खडखडत होता, मधेच थांबत होता,
आणि तो थांबला की अप्पांची मान
आपोआप तिकडे वळत होती.

मग मी ती काळी खिडकी उघडली.
एक लहान हाक पाठवली. ओ आली.
पुन्हा पाठवली. आली.
मग मोठी हाक, चौदाशे बहात्तर.
गेली ती गेलीच.
सत्तर. नाही.
अडुसष्ट. सहासष्ट. नाही.
चौसष्ट...
ओ आली.

"अप्पा, लहान पाकिटं जातायत.
मोठी वाटेत कुठंतरी अडकतायत,
आणि अडकली
हे कुणी उलट कळवतही नाही."

एकतीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात जॉबर.
स्टूल सरकलं.
"मग गाठ मोठी झालीय. फणीतनं निघंना.
बारीक कर की.
एवढ्यासाठी सकाळपासून बसलीस होय?"

राउटरचा पासवर्ड त्याच्याच पोटाखाली,
फोडणीच्या तेलानं पिवळ्या पडलेल्या स्टिकरवर.
चौसष्टमध्ये वरचे अठ्ठावीस मिळवले,
पंधराशेच्या जागी
चौदाशे ब्याण्णव लिहिलं.
आठच आकडे कमी.
सेव्ह.

आणि पान आलं.
असं आलं, की जणू कधी अडलंच नव्हतं.

नाव: राजेश एम. चिलवेरी.
"राजेशम," अप्पा म्हणाले.
हो, त्यांनी शेवटचा म तोडून पुढं ठेवलाय,
तो दुरुस्त करता येईल, त्याचा फॉर्म असतो.
खाली रकाने. जून, जुलै, ऑगस्ट,
सोळा सालच्या ऑक्टोबरपर्यंत भरलेले.
त्यापुढं शून्य.
शून्याखाली शून्य, शून्याखाली शून्य,
मी माउसचं चाक फिरवत खाली गेले.

बिस्किटांच्या डब्यात
वीस सालापर्यंतच्या पगाराच्या चिठ्ठ्या आहेत.
प्रत्येकीवर कपात, बारा टक्के,
निळ्या कार्बनमध्ये.

अप्पांनी बोट काचेवर टेकवलं,
धागा तुटलाय का हे चाचपतात तसं,
अगदी हलकं.
"हे अजून लोड होतंय का?"

मी वर पाहिलं.
चाक नव्हतं.
मागच्या गल्लीतला माग पुन्हा सुरू झाला होता,
आणि या वेळी
अप्पांची मान वळली नाही.